पुढचं उठल्यावर

"वास कुठला हवा? संत्र्याचा का स्ट्रॉबेरीचा?"

हिरव्या टोपीतली बाई असं विचारते, तेव्हा टेबलावरचं मूल रडता रडता थांबतं. बिचारं सुईला घाबरायचं ठरवून आलेलं असतं, आणि इथे तर त्याला पसंती विचारतायत! ओठ अजून थरथरत असतात, नाक वाहत असतं, पण नजर त्या बाईच्या हातातल्या दोन इवल्याशा बाटल्यांकडे वळलेली असते. मूल एका बाटलीकडे बोट करतं. मग ती छोट्या मास्कच्या आत त्या वासाचा एक थेंब चोळते, आधी स्वतःच्या नाकाला लावून "अहाहा!" म्हणते, आणि गोष्ट सुरू करते.

ही गोष्ट अर्धीच सांगायची, असा तिचा नेम. वाघ गुहेच्या तोंडाशी आला, चाहूल घेऊ लागला, आणि... "पुढे?" मूल जड जिभेनं विचारतं. "पुढचं उठल्यावर," ती म्हणते, आणि पापण्या मिटतात. घाबरून झोपलेल्या मुलाची मूठ झोपेतही आवळलेली राहते. गोष्टीत गुंतून झोपलेल्याची मात्र हलकेच सुटते, जणू हातातली दोरी त्यानं कुणा विश्वासाच्या माणसाकडे सोपवली आहे.

ऑपरेशन संपतं, सर्जन हातमोजे काढून चहाला जातात. भूल उतरू लागते. त्या धुक्यातून मूल वर येतं तेव्हा कानाशी तोच आवाज असतो: "हं, तर कुठे होतो आपण?"

मुलं तिला झोपमावशी म्हणायची. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नाही, पण ते इतकं चिकटलं की चांगले केस पांढरे झालेले सर्जनसुद्धा फोनवर विचारायचे, "झोपमावशी, मंगळवारी सकाळी मोकळ्या आहात का?"

आणि दुखणं तेच होतं. झोपमावशी मंगळवारी मोकळी असायची. बुधवारीही असायची.

भूल द्यायचं शिक्षण घेऊन बाकीचे कामाला लागले, तेव्हा तिनं पुन्हा दप्तर उचललं आणि लांबच्या शहरात जाऊन फक्त मुलांना भूल द्यायची विद्या शिकून आली. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, हे तिला तिथे कळलं. त्याची श्वासनळी पेन्सिलीएवढी, त्याचं अंग बघता बघता गार पडतं, औषधाचा एक थेंब इकडचा तिकडे झाला की गणित चुकतं. शिकून परत आली, तेव्हा घरी आत्या येऊन बसलेल्या. वडिलांची ही थोरली बहीण, जिभेला हाड नसलेली. म्हणाल्या, "एवढी वर्षं शिकलीस, आणि काम काय, तर लोकांना झोपवायचं! अगं, आमचे हे नुसते बोलायला लागले की सगळी बैठक आडवी व्हायची. त्यांना कुणी पदवी दिली नाही."

वडील हसले. ते पेंटर होते. चित्रं काढणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. शहरातल्या अर्ध्याअधिक डॉक्टरांची नावं त्यांच्या हातची. 'हाडांचे डॉक्टर', 'दातांचे डॉक्टर', 'स्त्रियांचे व बालकांचे'. अक्षर असं की वाचणाऱ्याला निम्मं बरं वाटावं. संध्याकाळी ते घरी यायचे ते टर्पेंटाइनचा वास घेऊनच. मुलीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायचे आणि ऐन रंगात आल्यावर म्हणायचे, "पुढचं उठल्यावर." खरं कारण एवढंच की दिवसभर शिडीवर उभं राहून त्यांनाच आधी झोप लागायची. सकाळी त्यांना काही आठवायचं नाही. "कुठे होतो आपण?" असं ते विचारायचे आणि ती सांगायची. त्यामुळे लहानपणी सकाळी तिला कधी उठवावं लागलं नाही.

मुलगी डॉक्टर झाली त्या दिवशी बाबांनी एक सागाची फळी घासूनपुसून, अस्तराचा पांढरा हात देऊन भिंतीला टेकवून ठेवली. पाटी करायची होती. पण भूल देणाऱ्या डॉक्टरला पाटी नसते. लावणार कुठे? तिला दवाखाना नाही, तपासणीची खोली नाही, बाहेर ताटकळणारे पेशंट नाहीत. या इस्पितळातून त्या इस्पितळात, गाडीच्या डिकीत आपले छोटे मास्क, छोट्या नळ्या, दोन बाटल्या घेऊन हिंडायचं. नाटकात प्रॉम्प्टर असतो ना, तसं. विंगेतल्या काळोखात उभं राहून दुसऱ्याचा श्वास सांभाळायचा. खेळ रंगला की टाळी नटाला, आणि खेळ पडला की पहिला प्रश्न, "प्रॉम्प्टर कुठे होता?"

"गाडीच्या डिकीवर लावू का पाटी?" बाबा विचारायचे.

"लावा," ती म्हणायची. "पोलीस थांबवून विचारतील, आत कोण झोपलंय म्हणून."

फळी भिंतीलाच टेकून राहिली. अस्तराचा पांढरा रंग हळूहळू पिवळसर पडला. बाबांचा हात कापायला लागला.

तिच्याबरोबर शिकलेले दोघं त्याच शहरात होते. एकानं हृदयाच्या ऑपरेशनची भूल शिकून घेतली होती, त्याला सगळे काळीजवाला म्हणायचे. दुसरा भूल सोडून जुन्या दुखण्यांकडे वळला होता. कंबर, मान, गुडघे, जिथे दुखतं तिथे नेमकी सुई टोचून माणसाला पुन्हा चालतं करायचं. तो दुखणेवाला. एका दुपारी तिघं एका इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये बसले होते. खिडकीतून पिवळं ऊन टेबलावर आलं होतं आणि कपातल्या वाफेला सोन्याची कड आली होती. ती त्या वाफेकडे बघत म्हणाली, "मला नव्या मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलंय. भूल विभागाची प्रमुख. रोजचं काम, रोजची वेळ. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

"मग तोंड का असं करून बसलीस? उडी मार!" दुखणेवाला म्हणाला.

"काम मोठ्या माणसांचं आहे. पित्ताशय, गुडघे, हर्निया. मुलं अधूनमधून."

"हे बघ, रागावू नकोस," दुखणेवाला पुढे सरकला. "आपण तिघांनी एकाच झाडाच्या तीन फांद्या पकडल्या. मी पकडली ती फळांची निघाली. माझे पेशंट जागे असतात, मला ओळखतात, रस्त्यात थांबून कंबर दाखवतात. माझी खोली आहे, तुझ्या बाबांनी रंगवलेली पाटी आहे. तू पकडलीस पोरांची. आता पोरं फारशी कापावी लागत नाहीत, यात तुझा काय दोष?"

"आणि माझी फांदी?" काळीजवाला म्हणाला. "माझी फांदी सर्जनच्या खांद्यावर आहे. त्याची माझी जोडी. तो उद्या दुसऱ्या शहरात गेला तर मला बिऱ्हाड पाठीवर टाकून मागे जावं लागेल. बायको विचारते, तुझं लग्न नक्की कुणाशी झालंय?"

तिघं हसले. मग काळीजवाला हळूच म्हणाला, "पण तू खूश कशावर आहेस ते मला ठाऊक आहे. तुला झोपवायला नाही आवडत. तुला उठवायला आवडतं."

कपातली वाफ कधीच विरून गेली होती.

नव्या इस्पितळाचे संचालक एकेकाळी स्वतः सर्जन होते. हळू बोलणारे, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. ते म्हणाले, "मॅडम, सही नंतर. आधी एक दिवस काम करून बघा. आम्हालाही कळेल, तुम्हालाही." जाता जाता त्यांनी तिला एक दार दाखवलं. त्या दारावर पितळी चौकट होती, आत नाव बसवायची जागा रिकामी. "इथे तुमचं नाव येईल."

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. "पितळी चौकट? मग आत लाकडी पाटी बसते की नाही? माप आणलंस का?"

"बाबा, अजून ठरलं नाहीये."

"तू ठरव गं सावकाश. मी आपलं फळीवर परत अस्तर मारून ठेवतो." आणि त्या संध्याकाळी कापरा हात पेंटरांच्या आधारकाठीवर टेकवून ते पांढऱ्यावर पांढरा रंग देत बसले. दारातून ती बघत राहिली. त्या फळीवर एकदा नाव आलं की या माणसाची सगळी शिडी चढून झाली, असं तिला वाटलं. मग नको कशाला म्हणायचं? मुलं काय, कुणीही झोपवील. ती उठतीलच.

त्या दिवशी सकाळी शहर धुक्यात बुडालेलं होतं. दिवे असे दिसत होते जणू कुणी कापसात ठेवलेत. नव्या इस्पितळाच्या काचा, जिने, लांबच लांब पांढरा बोळ, सगळं स्वप्नात चालल्यासारखं. तिथली पद्धत तिला समजावून सांगण्यात आली. एकापुढे एक टेबलं. भूल द्यायची, ऑपरेशन होईपर्यंत थांबायचं, नळी काढून पेशंट व्यवस्थित श्वास घेतोय हे बघायचं, की तो रिकव्हरीच्या खोलीत. तिथे वेगळे डॉक्टर, वेगळी सिस्टर. तुम्ही पुढच्या टेबलाकडे. पद्धत चोख होती. तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

पहिलं टेबल एका मुलीचं होतं. तिचे दोन्ही डोळे थोडे नाकाकडे धावायचे, त्यातल्या उजव्याचं आज करायचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचं स्वतःचं छोटं इस्पितळ होतं, पण मुलांना भूल द्यायची सोय तिथे नव्हती, म्हणून त्यांनी हिला इथे आणलं होतं. मुलीनं एक बूट काढला होता, दुसरा काढायला साफ नकार.

"का गं?"

"पळायचं झालं तर."

"एका बुटानं?"

"लंगडी घालीन."

झोपमावशीला हे पटलं. तिनं बुटाला स्वच्छ पिशवी बांधली आणि तो पायात राहू दिला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं आणि पुन्हा आपल्या हत्यारांकडे वळल्या. वास संत्र्याचा ठरला. गोष्ट सुरू झाली.

"एका तळ्यात एक होडी होती. लाकडाची, छोटीशी. आणि तिला कशाची भीती वाटायची, सांग?"

"पाण्याची," मुलगी मास्कच्या आतून म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"मलापण वाटते."

"तर ती आपली काठाला दोरीनं बांधून घेऊन बसायची. एके दिवशी पडलं धुकं. आजच्यासारखं. आणि दोरी सुटली. होडी चालली, चालली, तळ्याच्या मध्यावर आली. काठ दिसेना. आभाळ दिसेना. सगळीकडे पांढरं पांढरं. आणि तेवढ्यात होडीच्या खालून, पाण्यातून, कुणीतरी ठोठावलं. ठक. ठक. ठक."

"कोण...?"

"पुढचं उठल्यावर."

मूठ सुटली. बूट एका कुशीवर कलंडला.

डोळ्याचं काम सुरेख झालं. नळी काढल्यावर मुलीनं एक लांब सुस्कारा टाकला, श्वास लयीत लागला. उजव्या डोळ्यावर पट्टी. झोपमावशी तिच्या कपाळावर हात ठेवून उभी होती, तोच दारातून निरोप आला, "मॅडम, दुसऱ्या टेबलावर वाट बघतायत."

"ही उठेपर्यंत..."

"ते बघतील की रिकव्हरीतले. आपल्याकडे तशीच पद्धत आहे."

खाट चाकांवरून लांब बोळात गेली. पिशवीतला बूट सगळ्यात शेवटी वळणाआड झाला.

दुसऱ्या टेबलावर एक भरदार आजोबा होते आणि त्यांचं खड्यांनी भरलेलं पित्ताशय. सर्जन होते गडगडाट. हे नाव त्यांच्या आवाजावरून पडलेलं, ते कुजबुजले तरी शेजारच्या खोलीतला पेशंट दचकायचा. आजोबा शांत झोपले. मॉनिटरवरच्या हिरव्या रेघा एकामागून एक डोंगर चढू-उतरू लागल्या. दिव्याचा गोल, यंत्राचा संथ उसासा, गडगडाटांचं स्वतःशीच गुणगुणणं. तिला वाटलं, हे काही वाईट नाही. असं आयुष्य सरेल. दारावर नाव असेल.

भिंतीवरचा फोन वाजला. तिथल्या सिस्टरनं स्पीकर सुरू केला, कारण सगळ्यांचे हात गुंतलेले.

"मॅडम, रिकव्हरीतून बोलतेय. तुमची ती डोळ्याची पोरगी. भूल नीट उतरली नाही बहुतेक. भ्रमात गेलीय. कुणीतरी ठोठावतंय, खालून ठोठावतंय, असं म्हणत सुटलीय. मी खाटेखाली वाकून दाखवलं, कुणी नाही म्हणून. तर आणखीच रडते. पट्टीला हात घालतेय. डॉक्टर म्हणतात, झोपेचं थोडं परत देऊ का?"

भूल उतरताना मुलं भ्रमात जातात हे खरं, आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर तर हमखास. तिथल्या डॉक्टरांचं काही चुकत नव्हतं. पुस्तकात असंच लिहिलंय. मुलगी काय विचारतेय, हे साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला खोली सोडता येत नव्हती. टेबलावरचा माणूस झोपलेला असताना भूल देणाऱ्यानं त्याला सोडून जायचं नसतं. हा नियम तिला कुणी सांगायला नको होता, तो तिच्या हाडात मुरलेला होता. फोनमधून रडणं ऐकू येत होतं. दार दोन पावलांवर, आणि आजोबांच्या छातीची वरखाली डोळ्यांसमोर.

"काही देऊ नका!" ती म्हणाली. "ती भ्रमात नाही. या इमारतीत आत्ता पूर्ण शुद्धीवर असलेली तीच एक आहे. फोन तिच्या कानाशी धरा."

"काय धरू?"

"फोन, सिस्टर. कानाशी."

खरखर झाली. हुंदके जवळ आले.

झोपमावशीनं नजर मॉनिटरवरून हलवली नाही. आजोबांच्या मनगटावरची बोटंही नाही. फक्त आवाज सोडला. भिंतींमधून, तारांमधून, त्या लांब पांढऱ्या बोळाच्या टोकाला. "हं. तर कुठे होतो आपण?"

हुंदका अडकला. मग एक ओलं नाक आणि त्यातून शब्द. "ठोठावलं. खालून. तू गेलीस."

"गेले नाही, इथेच आहे. भिंतीच्या पलीकडे. ठोठावलं, ठक, ठक, ठक. होडीची पाचावर धारण बसली. ती म्हणाली, कोण आहे?"

गडगडाटांचं गुणगुणणं बंद. "मॅडम," ते म्हणाले, म्हणजे गरजले, "माझा पेशंट तर जागा होणार नाही ना?"

"नाही होणार. तुम्ही काम करा."

"करतोय. पण कोण होतं ते सांगा आधी, मग मी क्लिप लावतो. हात हलतोय."

"खाली एक मासा होता," झोपमावशी म्हणाली. "छोटासा. खालून बघितलं ना, की होडी कशी दिसते माहितीय? आभाळातल्या दारासारखी. सगळीकडे उजेड आणि मध्ये एक काळं, बंद दार. तर मासा म्हणाला, आत येऊ का? होडी म्हणाली, अरे, मी दार नाही. मी होडी आहे, आणि मला पाण्याची भीती वाटते. मासा म्हणाला, पाण्याची? पाणी तर आमचं घर! मला भीती वाटते ती वरची. उजेडाची. होडी म्हणाली, वर? वर तर नुसतं आभाळ आहे, मी रोज बघते."

"मग?" भिंतीतून आवाज आला. आता त्यात रडणं नव्हतं.

"मग दोघं निघाले. वर होडी, खाली मासा. तो तिला पाण्यातलं सांगायचा, ती त्याला आभाळातलं. बोलता बोलता धुकं कधी गेलं, कळलंच नाही. काठ आला."

फोनमधून पिशवीची चुरचुर ऐकू आली. मग, "झोपमावशी. माझा बूट आहे."

"आहे ना? ठेव. आता पट्टीला हात नाही लावायचा. काठ आलाय."

"बरं."

फोन बंद झाला. यंत्रानं उसासा टाकला. गडगडाटांनी क्लिप लावली आणि नाक ओढून म्हणाले, "या खोलीत धूळ फार आहे. सांगितलं पाहिजे कुणाला तरी."

दुपारी संचालकांनी तिला बोलावलं. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती, गडगडाटांच्या आवाजात, म्हणजे साऱ्या इस्पितळापर्यंत. ते मनापासून आनंदले होते. "मॅडम, अफाट! आपण असं करू. या गोष्टी तुमच्या आवाजात रेकॉर्ड करू. मूल उठलं की खाटेशी लावून द्यायच्या. तुम्ही कुठल्याही टेबलावर असा, तुमचा आवाज तिथे असेल."

त्यांनी हे चांगल्या मनानं सांगितलं होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. धुकं गेलं होतं. "आवाज असेल," ती शेवटी म्हणाली. "पण मूल विचारतं, मग? तेव्हा रेकॉर्ड काय करेल?"

संचालकांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माझी एक अट आहे, सर. ज्या मुलाला मी झोपवीन, ते उठेपर्यंत मला दुसरं टेबल नको."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. एवढ्या मुलांची कामं इथे येत नाहीत. तुम्ही एका खाटेशी बसून राहिलात तर बाकी टेबलं खोळंबतील. माझी इच्छा आहे, पण पद्धत माझ्या एकट्याची नाही."

"मला कळतं."

"मग?"

"मग ती पितळी चौकट दुसऱ्या कुणाला द्या."

ते तिला दारापर्यंत सोडायला आले. "मी सर्जन होतो," ते म्हणाले, "तेव्हा इतक्या जणांना झोपलेलं बघितलं. उठताना एकालाही बघितलं नाही. आज पहिल्यांदा वाटलं, काहीतरी राहून गेलं."

सगळ्यात अवघड होतं ते घरी सांगणं. अस्तर वाळलं होतं. बाबांनी फळीवर पेन्सिलीनं रेघा आखल्या होत्या, अक्षरांसाठी. तिनं सगळं सांगितलं, बुटापासून पितळी चौकटीपर्यंत. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता ब्रश धूत होते. पाणी पुन्हा पुन्हा पांढरं होत होतं.

"म्हणजे पाटी नाही," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच." मग जरा वेळानं, "होडी माझ्या गोष्टीतली. तो मासा कुठून आणलास? मी सांगितलेला नव्हता."

"मला काय माहीत. तुम्ही झोपून गेलात त्याच्यापुढचा असेल."

ते हसले, पण त्या रात्री जेवले नाहीत फारसे. तिलाही घास उतरला नाही. हट्टानं हक्काचं काम हातचं घालवलं, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दोनेक दिवस फोन वाजला नाही. मग वाजला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. नमस्कार-चमत्कार काही नाही. "मी माझी सगळी मुलं आठवड्यातल्या एका सकाळी घेईन. माझ्याच इस्पितळात. एकच टेबल आहे, त्यामुळे दुसऱ्या टेबलाची कटकट नाही. तुम्ही झोपवा, तुम्ही उठवा. मला उगाच परत परत पट्ट्या बांधायच्या नाहीत. येता का?"

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणणं ही थाप होईल. पण डोळ्यांच्या बाईंनी कानाच्या डॉक्टरांना सांगितलं, कानाच्यांनी मुलांचे दात बघणाऱ्याला. त्याच्याकडे तर दवाखान्याच्या खुर्चीत बसायलाच तयार नसलेली, किडक्या दातांची एक पलटणच होती. उरलेल्या दिवशी झोपमावशी दुखणेवाल्यानं पाठवलेल्या मोठ्या माणसांना भूल द्यायची, तीही मन लावून. काही वार अजून रिकामे जायचे. त्या दिवशी ती डिकी आवरायची आणि बाबांशी बोलत बसायची.

अशाच एका दिवशी बाबा म्हणाले, "तुझी ती मुलं टेबलावर जायच्या आधी कुठे असतात?"

"एका छोट्या खोलीत. खाटेवर, उताणी."

"आणि उठतात तेव्हा?"

"दुसऱ्या खोलीत. तीही उताणीच."

"म्हणजे बघतात काय? छत!" ते उठून उभे राहिले. "पांढरं, कोरं छत! अगं, एवढी मोठी फळी कुणी रिकामी ठेवतं का?"

डोळ्यांच्या बाईंनी आधी साफ नाही म्हटलं, मग रंग धुता येणारा आहे ना, वास राहणार नाही ना, हे विचारून घेतलं, आणि मग एका सुट्टीत किल्ली दिली. छताखाली बांबू आणि फळ्यांचा पहाड बांधला. आत्या खाली खुर्ची टाकून बसल्या, लक्ष ठेवायला. "पडलास तर भूल द्यायला मुलगी आहेच," म्हणाल्या. बाबा आडवे झाले, हात काठीवर टेकवला. कापऱ्या हातानं सरळ रेघ येत नव्हती. पण पाण्याला सरळ रेघ कुठे लागते? पहिल्या खोलीच्या छतावर धुकं उतरलं, आणि धुक्यात एक सुटलेल्या दोरीची होडी. दुसऱ्या खोलीच्या छतावर तीच होडी, पण खालून बघितलेली. चहूकडे हिरवा-सोनेरी उजेड आणि मधोमध एक काळं, बंद दार.

"नाव कुठे टाकू तुझं?" वरून आवाज आला.

"नको, बाबा. मुलं अजून वाचायला शिकलेली नसतात."

पुढच्या हिवाळ्यात बूटवाली परत आली, डाव्या डोळ्यासाठी. या वेळी दोन्ही बूट पायात, पळून जायला नव्हे, दाखवायला. नवे होते. पहिल्या खोलीत तिनं वर बघितलं आणि श्वास रोखून धरला. संत्र्याचा वास, झोप, डोळ्याचं काम, पट्टी.

मग दुसरी खोली. झोपमावशी खाटेशी स्टूल ओढून बसली होती. त्या दिवशी लागोपाठ बऱ्याच मुलांना झोपवून उठवून झालं होतं. खिडकीतून मऊ ऊन येत होतं आणि छतावरचं पाणी हलल्यासारखं वाटत होतं. मुलीनं पट्टी नसलेला डोळा हळूहळू उघडला. बराच वेळ वर बघत राहिली.

"झोपमावशी," ती पुटपुटली, "मी मासा झालेय."

"झालीस ना? मग सांग, कुठे होतो आपण? मी पार विसरले."

"ठोठावलं ना मी. आणि होडी म्हणाली, कोण आहे..." मुलगी सांगू लागली. तिच्या गोष्टीत होडीला दोन बूट होते, आणि माशाची एक आत्या होती, ती फार बोलायची. आवाज संथ, पाण्यावर तरंगल्यासारखा. ऐकता ऐकता झोपमावशीची हनुवटी छातीकडे झुकली.

एक छोटासा हात तिच्या मनगटावर पडला. "ए, झोपू नकोस! पुढचं ऐक ना."